ठाणे-नवी मुंबईच्या हवेत डे लिली : पावसाळ्याआधीच काय काय करून ठेवायचं

तलावपाळीकर
दरवर्षी मे उजाडला की घोडबंदर रोडच्या नर्सऱ्यांमध्ये कळ्या धरलेल्या डे लिलीच्या कुंड्या पुढे मांडलेल्या दिसतात, लोक रंग बघून उचलतात, आणि ऑगस्टमध्ये तीच मंडळी विचारतात की झाड अचानक आडवं का पडलं, ओढलं तर पानांचा अख्खा पुंजका हातात का आला. म्हणून यंदा पाऊस यायच्या आधीच धागा काढतेय. माझ्याकडे थोडी झाडं सोसायटीच्या तळमजल्याच्या पट्ट्यात जमिनीत आहेत आणि बाकीची गच्चीत कुंड्यांत, त्यामुळे दोन्हीकडचं सांगता येईल.

मुख्य गोष्ट आधीच सांगते. डे लिली आपल्याकडे उन्हाने मरत नाही, थोडं पाणी कमी पडलं म्हणूनही मरत नाही कारण तिची मुळं शतावरीसारखी जाड असतात आणि त्यात साठा असतो. ती मरते गड्ड्यात पाणी मुरून. गड्डा म्हणजे मुळं आणि पानं जिथे जुळतात तो पांढरट भाग. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्येच, त्यात हवा दमट, रात्री पण उकाडा, मग गड्डा दिवसचे दिवस ओला राहिला की कुजणारच. युरोप-अमेरिकेचे व्हिडिओ बघून लोक 'भरपूर पाणी द्या' हे धरून बसतात, ते तिथल्या कोरड्या उन्हाळ्यासाठी आहे हो, आपल्या जुलैसाठी नाही.

लावताना गड्डा मातीच्या खाली एक इंच, त्याहून खोल अजिबात नको. कुंडी बारा इंची तरी हवी, भोकं मोठी हवीत. मिश्रणात मी लाल माती निम्म्याहून कमीच घेते, बाकी गांडूळखत, जाडी रेती, थोडं कोकोपीट आणि मूठभर निंबोळी पेंड. नुसती लाल माती घातली तर पावसाच्या माऱ्याने ती दाबून बसते आणि वर तळं साचतं. कोकोपीट पण जास्त नको, उन्हाळ्यात ते बरं वाटतं पण पावसात आठवडाभर ओलं राहतं. मेच्या शेवटच्या आठवड्यात सगळ्या कुंड्या विटांवर चढवायच्या, खालची भोकं काडी घालून मोकळी करायची, पिवळी पडलेली बाहेरची पानं बुडापासून काढून टाकायची म्हणजे मध्ये वारा खेळतो. खत जून ते ऑगस्ट पूर्ण बंद.

जमिनीतली झाडं मी वाफा वीतभर उंच करून लावलीयेत, पाणी दोन्ही बाजूंनी निघून जातं आणि खरं सांगायचं तर कुंडीपेक्षा तीच जास्त जोमात आहेत.

आणि फुलांबद्दल एक. फूल एकच दिवस टिकतं, सकाळी उमलतं संध्याकाळपर्यंत मिटतं, त्यात काही बिघडलेलं नाही, एका दांड्यावर बऱ्याच कळ्या असतात त्या पाळीपाळीने उघडतात. पण आदल्या दिवशीचं फूल काढलं नाही तर आपल्या हवेत ते सुकत नाही, ओलं लिबलिबीत होऊन शेजारच्या कळीला चिकटतं आणि ती कळी उघडतच नाही, कुजते. म्हणून रोज सकाळी चहा घेऊन जायचं आणि जुनं फूल अंगठ्याने मागे वाकवून खटकन मोडायचं, खालच्या हिरव्या बोंडासकट, नुसत्या पाकळ्या ओढायच्या नाहीत. नाहीतर ते बोंड बी धरत बसतं आणि झाडाची ताकद तिकडे जाते.

तुमचे प्रश्न इथेच विचारा, सगळ्यांना उपयोग होईल.

खारघरकर
उत्तम धागा. मी मागच्या महिन्यात ऑनलाइन एका विक्रेत्याकडून डे लिलीचे कंद मागवले, पाकिटावर मस्त केशरी-लाल फुलाचा फोटो होता. आले ते छोटे छोटे कांदे, लावल्यावर आता बारीक गवतासारखी पानं आलीयेत. हे डे लिलीच आहे का? विक्रेता म्हणतो मोठी झाल्यावर पानं रुंद होतील.

तलावपाळीकर
नाही हो, ती रेन लिली आहे. डे लिलीला कांदा नसतोच, कुणी कंद म्हणून कांदा दिला की तिथेच ओळखायचं. डे लिलीची मुळं लांब जाड बोटांसारखी आणि पानं पंख्यासारखी एकमेकांसमोर दोन ओळींत फुटतात, मधोमध घडी पडलेली असते. रेन लिलीला खाली कांदा आणि दांड्यावर एकच फूल. उन्हाळ्यात एप्रिल-मेला फुलणारं, मोठ्या भोंग्यासारख्या फुलाचं लालभडक झाड असतं ते अमॅरिलिस, त्यालाही कांदाच. पैसे परत मागा, पण झाडं फेकू नका, पहिल्या चांगल्या सरीनंतर गुलाबी किंवा पांढरी फुलं येतील आणि खारघरच्या हवेत ती काहीही न करता वाढतात.

खारघरकर
परत मागितले, बघू. एवढं स्पष्ट कुणीच सांगितलं नव्हतं, धन्यवाद.

ऐरोली_आठवा_मजला
माझी डे लिली खरीच आहे, पंखा वगैरे सगळं जुळतंय, दोन वर्षं झाली, पानं अशी हिरवीगार की येणारा-जाणारा विचारतो पण फूल एकही नाही. दक्षिणेची बाल्कनी आहे, थंडीत तर दिवसभर ऊन असतं. दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) देतो, मध्ये युरिया पण दिला होता थोडा. अजून काय हवंय तिला?

उन्हाचा_हिशेब
इथे दोन गोष्टी आहेत. युरिया बंद करा, नत्र जास्त झालं की ती पानंच काढत बसते. पण मोठं कारण मला ऊनच वाटतंय. दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीत ऊन असतं कारण तेव्हा सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तिरपं ऊन आत येतं. मार्चनंतर तो वर वर चढत जातो आणि आपलं ठाणे-नवी मुंबई १९ अंश अक्षांशावर, म्हणजे मेच्या मध्याला दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर, त्या दिवशी उभ्या काठीची सावली पडत नाही. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्यात वरच्या मजल्याचा स्लॅब पुढे आलेला. म्हणजे डे लिलीला कळ्या धरायच्या वेळेला, जेव्हा तिला रोज सहा तास तरी थेट ऊन हवं, नेमकं तेव्हाच तुमच्या बाल्कनीतून ऊन गेलेलं असतं. एप्रिलपासून कुंडी पूर्वेच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवून बघा, किंवा गच्ची मिळत असेल तर गच्चीत.

ऐरोली_आठवा_मजला
अरे बापरे, हा विचारच केला नव्हता. गच्चीला आमच्या कमिटीने कुलूप लावलंय, वॉटरप्रूफिंगचं कारण देतात. पूर्वेला बेडरूमची खिडकी आहे, तिथे सकाळी सात ते साडेअकरा ऊन येतं. चालेल?

तलावपाळीकर
साडेचार तासांत फुलं कमी येतील पण येतील, आणि सकाळचं ऊन आपल्याकडे दुपारच्या उन्हापेक्षा चांगलंच. गडद मरून किंवा जांभळ्या रंगाच्या जाती असतील तर दुपारच्या कडक उन्हात त्यांच्या पाकळ्या करपतात, त्यांना सकाळचंच ऊन द्यावं. पिवळ्या-केशरी रंगांना दिवसभर चालतं. खताचं म्हणाल तर ऑक्टोबरमध्ये एकदा शेणखत-बोनमील आणि फेब्रुवारीत एकदा, एवढ्यावर माझं भागतं.

पाचोळा
कोलशेतहून. कुंड्या विटांवर ठेवायचं पटलं, पण आमच्याकडे खालच्या मजल्यावरच्या काकू पाणी ठिबकतं म्हणून रोज बेल वाजवतात, त्यामुळे खाली ताटली ठेवावीच लागते आणि पावसात ताटली भरलेलीच असते. शिवाय डेंग्यूच्या अळ्या तपासायला पालिकेची माणसं येतात ती पण ताटल्याच बघतात.

उन्हाचा_हिशेब
ताटलीत खडी भरा आणि कुंडी खडीच्या वर बसवा, कुंडीचं बूड पाण्यात बुडता कामा नये. पाणी मात्र रोज ओतायलाच हवं, डासांचं तर आहेच. त्यापेक्षा पावसाळ्याचे चार महिने कुंड्या स्लॅबखाली आत घ्या, पाणी आपल्या हातात राहतं. माझ्या सगळ्या डे लिली जूनमध्ये छपराखाली जातात.

तलावपाळीकर
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. छपराखाली घेतल्या की ऊन जातं, वारा कमी होतो आणि मग मावा पडतो. मी कुंड्या उघड्यावरच ठेवते, एका बाजूला अर्धी वीट सारून जराशा तिरक्या, म्हणजे वरचं पाणी आत मुरण्याआधी कडेने वाहून जातं. सलग मुसळधार चार-पाच दिवस असेल तेवढ्यापुरत्या आत. पण ज्यांच्या मिश्रणात माती जास्त आहे त्यांनी आतच घ्याव्यात, तिथे तुमचंच बरोबर.

मनीमाऊ
नेरूळ. माझ्याकडे दोन मांजरी आहेत आणि एक तर समोर दिसेल ते पान चावते. डे लिली ठेवायला हरकत नाही ना? ऑनलाइन कुठेतरी वाचलं की खऱ्या लिलीच विषारी असतात, डे लिली चालते.

तलावपाळीकर
नाही, नाही, कृपा करून आणू नका. हे चुकीचं पसरलंय. डे लिली ही शास्त्रीयदृष्ट्या खऱ्या लिलीच्या कुळातली नसली तरी मांजरांसाठी दोन्ही सारख्याच घातक आहेत, किडन्या निकामी होतात. पान, फूल, दांडा सगळंच, इतकंच काय अंगावर पडलेले परागकण चाटले किंवा फुलदाणीतलं पाणी प्यायली तरी. सुरुवातीला उलट्या, खाणं बंद, एका कोपऱ्यात पडून राहणं, मग मध्ये जरा बरी वाटते आणि एक ते तीन दिवसांत किडन्या बंद पडतात. त्यामुळे चावलेलं नुसतं दिसलं तरी लक्षणांची वाट न बघता त्याच घटकेला डॉक्टरकडे, सोबत पानाचा तुकडा किंवा फोटो घेऊन. पहिल्या काही तासांत सलाईन सुरू झालं तर वाचतात. उंच ठेवीन, जाळी लावीन असं काही करू नका, मांजर पोचतेच. कुत्र्यांना हा किडनीचा त्रास होत नाही.

मनीमाऊ
बरं झालं विचारलं. आमच्या सोसायटीच्या बागेत एन्ट्रीलाच केशरी डे लिलीची रांग आहे आणि खाली तीन-चार भटक्या मांजरी असतात, कमिटीच्या ग्रुपवर टाकते आजच. घरी मग काय लावू फुलांचं?

पाचोळा
जास्वंद आणि गुलाब लावा की, मांजरांना त्यांचा धोका नाही. पीस लिली पण टाळा, तिने किडनीला काही होत नाही पण तोंडाची आग होते आणि लाळ गळते.

बी_बियाणं
जातींबद्दल थोडं लिहितो, कारण निम्मे प्रश्न तिथेच सुटतात. डे लिली मूळची चीन-कोरिया-जपान भागातली. संकर करायला सुरुवात झाली ती १८९० च्या दशकात, इंग्लंडमध्ये जॉर्ज येल्ड नावाच्या शाळामास्तरांनी पहिली संकरित जात काढली. पुढे न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनमध्ये आर्लो स्टाउट यांनी यावर अनेक वर्षं काम केलं, १९३४ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, आणि अमेरिकेत डे लिलीसाठी वेगळी संस्थाच १९४६ मध्ये निघाली. आज नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत.

आपल्या कामाचं एवढंच की या जातींचे तीन प्रकार पडतात. काही थंडीत पानं पूर्ण गाळून झोपतात, काही वर्षभर हिरव्या राहतात आणि काही मधल्या. झोपणाऱ्या जातींना खरी थंडी लागते, आणि आपल्याकडे जानेवारीतही पारा १५ च्या खाली क्वचित जातो, त्यामुळे त्या दरवर्षी रोडावत जातात. 'स्टेला दे ओरो' ही पिवळी बुटकी जात जगभर खपते, वॉल्टर याब्लोन्स्की यांची, १९७५ ची, सगळे तिचाच फोटो बघून मागतात. पण ती झोपणाऱ्यातलीच आहे. नर्सरीत जातीचं नाव कुणाला माहीत नसतं, तेव्हा सरळ जानेवारीत नर्सरीत जा आणि जिची पानं तेव्हाही हिरवी आणि ताठ आहेत तीच घ्या. मेमधली फुलं बघून झाड निवडू नका.

ऐरोली_आठवा_मजला
थंडी द्यायची म्हणून गड्डा काढून महिनाभर फ्रिजमध्ये ठेवला तर? ट्यूलिपचं करतात तसं.

बी_बियाणं
ट्यूलिपला कांदा असतो, सुका ठेवता येतो. डे लिलीचा गड्डा फ्रिजमध्ये एक तर सुकेल नाही तर बुरशी धरेल. एवढा त्रास देण्यापेक्षा सदाहरित जात लावा.

वाशी_सेक्टर_१७
वेगळाच प्रश्न. चायनीज सूपमध्ये ज्या सुक्या लांब पिवळ्या कळ्या घालतात त्या डे लिलीच्याच असतात म्हणे. घरच्या कळ्या खाता येतील का, आमच्याकडे ढीगभर आल्यात.

बी_बियाणं
हो, त्या डे लिलीच्याच, चीनमध्ये त्यासाठी पिवळ्या जातीची शेती होते, कळ्या वाफवून वाळवतात. पण नर्सरीतून आणलेल्या झाडावर काय औषध मारलंय सांगता येत नाही, आणि शोभेच्या संकरित जाती खाण्यासाठी कुणी तपासलेल्या नसतात. मी खाणार नाही. आणि हे वाचून दुसऱ्या कुठल्याही लिलीच्या वाटेला कुणी जाऊ नका. येऊरला पावसात कळलावी फुलते, लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या पाकळ्यांची, इंग्रजीत तिच्याही नावात लिली आहे आणि ती जहाल विषारी आहे. तिच्यातलं विष कोल्चिसिन. गंमत म्हणजे याच कोल्चिसिनने डे लिलीच्या गुणसूत्रांची संख्या दुप्पट करून त्या जाड पाकळ्यांच्या, मोठ्या फुलांच्या जाती तयार केल्या गेल्या.

पाचोळा
रोग-किडींवर कोणी लिहिलं नाही अजून. माझ्याकडे पानांच्या खालच्या बाजूला पिवळे-केशरी ठिपके आलेत.

तलावपाळीकर
पांढरा टिश्यू पेपर घ्या आणि पानाच्या खालच्या बाजूने हलकेच ओढा. कागदावर केशरी पूड उतरली तर तांबेरा म्हणजे बुरशीचा रोग, नाही उतरली तर दुसरंच काहीतरी. तांबेरा असेल तर ती सगळी पानं बुडापासून कापा, कचऱ्याच्या पिशवीत बांधून टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नाही, कात्री डेटॉल किंवा स्पिरिटने पुसा आणि मगच दुसऱ्या झाडाला लावा. वरून फवारा मारून पाणी देणं बंद, बुडाशीच घाला, आणि कुंड्यांमध्ये हात जाईल एवढं अंतर ठेवा. याने झाड सहसा मरत नाही, नवीन पानं येतात.

बाकी मावा कळ्यांच्या देठाशी बसतो, तो नळाच्या पाण्याच्या धारेने जातो, राहिलाच तर निंबोळी तेल आणि थोडा साबण संध्याकाळी. कळ्या वेड्यावाकड्या होत असतील, पाकळ्यांवर रंग उडालेल्या रेघा दिसत असतील तर फुलकिडे. आणि जमिनीत लावलं असेल तर पावसात त्या मोठ्या शंखी गोगलगाई. रात्री टॉर्च घेऊन जायचं, हातमोजे घालून उचलायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. मीठ वाफ्यात टाकू नका, झाडाचीच मुळं जळतात.

खारघरकर
आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येतो, कधी बोअरचं पाणी असतं, जरा खारटच. पानांची टोकं तपकिरी होतात ती यामुळेच का? (आता खरी डे लिली आणलीये, पंखा बघून.)

उन्हाचा_हिशेब
बहुतेक हो, क्षार साचतात. पिण्याचं पाणी शिल्लक असेल ते द्या, आणि पाऊस सुरू झाल्यावर पहिल्या एक-दोन सरी कुंडीतून भरपूर आरपार जाऊ द्या, साचलेले क्षार धुऊन निघतात. तेवढ्यापुरता मी पण कुंड्या बाहेर काढतो.

मनीमाऊ
कमिटीने ऐकलं! एन्ट्रीची रांग काढून तिथे एक्झोरा लावणार आहेत. माळीकाका म्हणाले झाडं फेकायची जिवावर येतंय, कुणाला हवीत का? जुनी केशरी आहे, कमरेएवढा दांडा. मांजर नसलेल्या घरीच देणार.

पाचोळा
मला चालेल! पण आता मेमध्ये काढलेली जगतील? आणि बी पण धरते का ती?

बी_बियाणं
जुनी केशरी सहसा बी धरतच नाही, तिच्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात. फुटव्यांनीच वाढते, म्हणून तर एका झाडाची एवढी मोठी रांग होते.

तलावपाळीकर
एरवी मी विभागणी पावसानंतर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सांगितली असती, पण काढायचीच आहेत तर आत्ता पाऊस यायच्या आधी काढलेली बरी, भर जुलैत नको. माळीकाकांना सांगा गड्डा खुरप्याने न तोडता फावड्याने लांबून, मातीसकट उचला. मग पाण्यात धुवून हाताने हलवत सोडवा, प्रत्येक भागात दोन-तीन तरी फुटवे राहू देत, एकेकटा फुटवा आपल्या पावसात टिकत नाही. पानं वीतभर ठेवून वरून कापा. मऊ किंवा आंबूस वास येणारं मूळ असेल तर चांगल्या भागापर्यंत छाटा, ट्रायकोडर्माची (कुजवणाऱ्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पूड लावा आणि एक-दोन दिवस सावलीत वर्तमानपत्रावर सुकू द्या, घाई नको, जाड मुळं असल्यामुळे तेवढं सहज सोसतं. कुंडीत मधोमध मातीची छोटी ढेपी करून त्यावर गड्डा बसवा, मुळं चारी बाजूंना खाली सोडा, माती भरल्यावर गड्डा एक इंच खाली. पहिले आठ-दहा दिवस सावलीत, मग सकाळचं ऊन. या वर्षी फुलांची अपेक्षा ठेवू नका.

पाचोळा
रविवारी नेरूळला येते मग. वर्तमानपत्रात गुंडाळून ट्रेनने आणलं तर चालेल ना, की ओल्या गोणपाटात?

तलावपाळीकर
कोरड्या वर्तमानपत्रातच. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नका, वाटेतच वाफ धरेल. आणि नवीन मिश्रण आजच करून ठेवा, निंबोळी पेंड आधी मुरलेली बरी.